मालवण-तारकर्लीत चार दिवस: ठिकाणांची यादी नंतर, आधी तिथी

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. पुण्याहून डिसेंबरात चार दिवस तारकर्लीला यायचंय. तुम्ही दोघं, 11 वर्षांची मुलगी, 6 वर्षांचा मुलगा आणि 68 वर्षांच्या आई, ज्यांचे गुडघे दुखतात आणि ज्या मासे खात नाहीत. कुणीतरी सांगितलं की मालवण दोन दिवसांत ‘होतं’, मग उरलेले दोन दिवस गोव्याला जावं का? आणि करण्यासारखं काय काय आहे त्याची यादी द्या.

तारकर्लीला लागूनच असलेल्या देवबागात आमच्या घरातल्या चार खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो, त्याला आता सतरा वर्षं झाली. यादी मी एका ओळीत देते: सिंधुदुर्ग किल्ला, स्कूबा, डॉल्फिन, त्सुनामी बेट, कर्ली खाडीतली होडी, धामापूरचा तलाव, मालवणचा बाजार. ज्यांनी दोन दिवस पुरे म्हटलं त्यांचंही खरं आहे, ही यादी दोन दिवसांत उरकते. पण उरकून परत जाताना माणसं जी कुरकुर करतात ती मी ऐकलेली आहे. ‘पाण्यात काही दिसलंच नाही’, ‘बेट म्हणे, तिथे नुसतं कमरेएवढं पाणी’, ‘आईंना होडीतून उतरवताना घाम फुटला’. ठिकाणं तीच असतात, वेळ चुकलेली असते. म्हणून काय करायचं यापेक्षा कोणतं काम कोणत्या दिवशी आणि किती वाजता, हे आधी ठरवू.

इथल्या सगळ्या गोष्टी दोन घड्याळांवर चालतात, पाण्याच्या आणि वाऱ्याच्या. पाण्याचं घड्याळ पंचांगात असतं. माझ्या सासूबाईंना मोबाईल नीट लावता येत नाही, पण भरती किती वाजता हे त्या बोटांवर सांगतात. तुमच्या आईंना पाऊणकीचा पाढा येत असेल तर त्यासुद्धा सांगतील. तिथीचा आकडा पाऊणपट करायचा, येईल तितक्या वाजता भरती पुरी. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. दिवसा आणि रात्री दोन्हीकडे हाच हिशेब, आणि भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पुरी ओहोटी, जिला आम्ही सुकती म्हणतो. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एक, दोन, तीन. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण सहलीची आखणी करायला एवढं पुष्कळ झालं. तासाची नेमकी वेळ हवी असेल तर मोबाईलवर भरतीचं वेळापत्रक मिळतंच.

दुसरं म्हणजे पाणी रोज सारखं चढत-उतरत नाही. पुनवेला-अवसेला आणि त्यापुढचे एक-दोन दिवस उधाण, म्हणजे भरती मोठी आणि सुकतीही मोठी. अष्टमी-नवमी-दशमीच्या सुमारास भांग. भांगाला पाणी फारसं हलत नाही, ओढ कमी, तळाची वाळू कमी ढवळते.

वाऱ्याचं तर त्याहून सोपं. डिसेंबरात पहाटेपासून जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो, किनाऱ्यालगतचं पाणी तेव्हा ताटलीसारखं सपाट. अकरा-बाराच्या पुढे वारा फिरतो, समुद्रावरून खारा वारा सुरू होतो आणि पाण्यावर फेसाचे ठिपके दिसू लागतात. होडीचं जे काही असेल ते सकाळी. दुपारी तीन वाजता डॉल्फिन दाखवतो म्हणणाऱ्याकडे मी माझे पाहुणे पाठवत नाही. डॉल्फिन तेव्हा नसतात असं नाही, पण लाटांच्या गर्दीत पाठ दिसणार कशी? आमच्याकडचे बहुतेक हंपबॅक जातीचे, किनाऱ्याजवळच राहणारे. चित्रातल्यासारख्या उंच उड्या ते क्वचितच मारतात. करडी पाठ वर येते, फूस असा श्वास ऐकू येतो आणि संपलं. तो आवाज ऐकायचा तर तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, इंजिन बंद करायला सांगा. मागे लागून होडी पळवली की ते बुडी मारून निघून जातात.

तुम्ही दिलेल्या तारखांना पंचांगात शुद्ध दशमी ते त्रयोदशी आहे. नशीब चांगलं आहे तुमचं, सुरुवातीला भांग आणि शेवटी उधाणाकडे चढतं पाणी. आता याच्यावर आखू.

स्कूबा एकादशीला, सकाळी लवकर. भरती सव्वाआठच्या आसपास पुरी, वारा शांत, भांगाचं पाणी अजून फार हलू लागलेलं नाही. ऑक्टोबरात नद्यांचा गाळ समुद्रात असतो, तेव्हा पाण्याखाली हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत अशीही वेळ येते. डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यांत स्वच्छ. तरीही अंदमानची अपेक्षा ठेवू नका, मालवणचं पाणी हिरवट असतं. खडकांवरची पोवळी, पट्ट्यापट्ट्यांचे छोटे मासे, कधी एखादी पाकट, म्हणजे शेपटीत काटा असलेला चपटा मासा, वाळूवरून सरकताना दिसते. किल्ल्याभोवतीचा हा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, तेव्हा पोवळ्यावर पाय देऊन फोटो काढायचा नाही आणि मासे जवळ यावेत म्हणून ब्रेड टाकायला सांगायचं नाही.

पोहता येत नसलं तरी चालतं, कारण नवख्या माणसाला प्रशिक्षक धरूनच नेतो, पंधरा-वीस फुटांपर्यंत. पण आधी उथळ पाण्यात तोंडाने श्वास घेण्याचा सराव झालाच पाहिजे. नाक बंद आणि तोंडाने श्वास, हे पहिल्या दोन मिनिटांत विचित्र वाटतं, मग जमतं. कान दडपले की नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, खाली जाताना दर थोड्या अंतराला. सर्दी झाली असेल तर उतरू नका, पैसे भरले असले तरी. दमा, हृदयाचं दुखणं, फिट येणं यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि तिथल्या फॉर्मवर खोटं लिहू नका. मुलगी 11 वर्षांची आहे, तिला चालेल, सहसा दहाच्या वर घेतात. धाकट्याला मात्र नाही, कुणी ‘चलता है’ म्हटलं तरी नाही. एका माणसामागे एक प्रशिक्षक असेल तिथेच जा आणि तो किती जणांना एका फेरीत नेतो हे पैसे देण्याआधी विचारा. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं स्कूबा शिकवणारं केंद्रही आहे. सकाळी पोटभर मिसळ खाऊन होडीत बसू नका, दोन घावणे पुरेत. आणि चिपीच्या विमानतळावरून परतणार असाल तर बुडी आणि विमान यांत किमान बारा तास, शक्यतो अठरा-वीस, ठेवा.

त्सुनामी बेटासाठी शेवटचा दिवस, त्रयोदशी. भरती पावणेदहाला, म्हणजे सुकती चारच्या सुमारास, ऊनही उतरलेलं. हे ‘बेट’ म्हणजे कर्लीच्या मुखाजवळची वाळूची पट्टी आहे. 2004 च्या त्सुनामीनंतर ती वर आली असं इथे सांगतात, नाव त्यावरूनच. भरतीला ती जवळजवळ बुडते. पहिल्या वर्षी मी स्वतःच चूक केलेली. एका कुटुंबाला संध्याकाळी पाठवलं, तिथी बघितलीच नाही. पाणी चढायला लागलं होतं आणि होडीवाला दुसरी फेरी मारायला गेलेला. ती माणसं अर्धा तास गुडघाभर पाण्यात चपला डोक्यावर धरून उभी होती. काही झालं नाही, पण त्या बाईंचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून आमच्या ओटीवर खडूने भरतीची वेळ लिहिलेली असते. बेटावर जाताना होडी तिथेच थांबणार का, हे विचारूनच निघा.

तिथेच एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण यात हयगय चालत नाही. संगमावर, जिथे कर्ली समुद्राला मिळते तिथे, पाणी उतरत असताना पोहायला उतरायचं नाही. खाडीत भरलेलं सगळं पाणी त्या चिंचोळ्या तोंडातून बाहेर पडतं. वरून ते संथ दिसतं, खालून ओढतं. बेटावर मुलं वाळूत किल्ले करोत, घोट्याएवढ्या पाण्यात बसोत, पण प्रवाहाच्या बाजूला नाही. मोकळ्या किनाऱ्यावरही तेच ध्यानात ठेवा. सगळीकडे लाटा फुटताहेत आणि मधेच एक पट्टा गुळगुळीत, थोडा गडद दिसतोय, तर लोकांना ती पोहायला चांगली जागा वाटते. ती नेमकी ओढीची जागा असते, पाणी तिथून परत खोल समुद्रात जातं. कुणी सापडलंच तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं, ओढ सुटली की मग किनाऱ्याकडे यायचं. आणि उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, घासत चाला. वाळूत पाकट बसलेली असली तर ती पाय लागायच्या आधी निघून जाते.

गाडीबद्दल हात जोडून सांगते, वाळूत घालू नका. गेल्या वर्षी आमच्यापासून थोड्या अंतरावर एक पांढरी मोठी गाडी ओल्या वाळूत उतरवली, फोटोसाठी. ओली वाळू चालताना रस्त्यासारखी टणक लागते, पण चाक एकदा जागच्या जागी फिरलं की गाडी पोटावर बसते. पंधरा माणसं ढकलत होती, टायरखाली झावळ्या घालून झाल्या, दोर लावून झाला. पाणी मागच्या नंबरप्लेटला लागलं तेव्हा आमच्या शेजारचे तात्या शांतपणे म्हणाले, ‘पयला गाडीतला सामान काढा.’ रात्री सुकती लागल्यावर गाडी बाहेर निघाली, पण ती पुन्हा सुरू झाली नाही.

किल्ला बारशीला सकाळी करा, आईंना घेऊन. भरती नऊच्या सुमारास आहे. पाणी भरलेलं असलं की होडी धक्क्याच्या पातळीला येते आणि चढउतार सोपी होते. सुकतीला होडी खाली जाते आणि दुखऱ्या गुडघ्यांना ती एक मोठी पायरी भारी पडते. मालवणच्या धक्क्यावरून होडी सुटते. सिंधुदुर्गाच्या दरवाजासमोर जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही, तट असा वळवलेला आहे. मुलांना तिथे उभं करून विचारा, दार कुठाय? 25 नोव्हेंबर 1664 ला कुरटे बेटावर कामाला सुरुवात झाली, तट जवळजवळ तीन किलोमीटर फिरतो, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव आहेत. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आत आहे. चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे लोक हात जोडून बघतात. 2025 मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचं नाव जागतिक वारसा यादीत गेलं, त्यात हाही आहे.

होडीवाले परतायला साधारण तासाभराची वेळ देतात. तेवढ्यात तटावर चढून फिरणं आणि मंदिर दोन्ही होत नाही. आईंना मंदिरापर्यंत नेऊन सावलीत बसवा आणि तुमच्यापैकी एकाने मुलांना घेऊन तटावर जावं. जास्त वेळ हवा असेल तर निघतानाच सांगा, गर्दी नसली तर नंतरच्या फेरीने आणतात. आत अजून वस्ती आहे, घरं आहेत, कुणाच्याही अंगणात शिरून फोटो काढू नका. त्याच दिवशी दुपारी तीनच्या पुढे, सुकतीला, दांडीच्या किनाऱ्याजवळचा मोरयाचा धोंडा बघता येईल. किल्ल्याचं भूमिपूजन तिथे झालं असं मानतात. खडकावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले आहेत. फार लोक जात नाहीत, पाच मिनिटांचं काम, पण मला ते किल्ल्याइतकंच आवडतं.

म्हणजे झालं असं: दशमीला पोचून आराम, एकादशीला स्कूबा, बारशीला किल्ला, त्रयोदशीला सकाळी डॉल्फिन आणि चारला बेट. चार दिवस भरले, आणि अजून मी तुम्हाला आमच्याकडची सगळ्यांत चांगली गोष्ट सांगितलेलीच नाही. तिला तिकीट नाही.

रापण. सकाळी किनाऱ्यावर चालत जा आणि दोन बाजूंनी दोर ओढणाऱ्या माणसांच्या रांगा कुठे दिसतात का बघा. होडीतून अर्धगोलाकार जाळं टाकून त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणतात, मग पंचवीस-तीस माणसं ते तासभर ओढतात. पायाची टाच वाळूत रोवून, मागे रेलून, एका लयीत. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकतात. शेवटच्या टप्प्यात जाळ्याचा खोळ वर येतो तेव्हा पाणी खदखदल्यासारखं दिसतं, घारी आणि कावळे खाली येतात, आणि वाळूवर तारली, बांगडे, पेडवे, मधेच एखादा खेकडा जाळं चावत बसलेला. मुलांना दोर ओढायचा असेल तर विचारा, बहुतेक ‘ये रे’ म्हणतात. फक्त ताणलेला दोर ओलांडू नका आणि माशांच्या ढिगात पाय घालू नका, ते त्यांचं त्या दिवसाचं उत्पन्न आहे आणि त्याचे तिथेच वाटे पडतात. कधीकधी इतक्या कष्टानंतर दोन टोपल्याच निघतात. पर्ससीनची मोठी जाळी टाकणाऱ्यांनी आणि एलईडी दिव्यांनी मासे गोळा करणाऱ्यांनी रापणीला काय उरू दिलंय, हे एखाद्या रापणकराला विचारलंत तर तुमचा चहा गार होईल. रोज सगळीकडे रापण लागतेच असं नाही. आदल्या रात्री तुमच्या घरमालकांना विचारून ठेवा.

खाण्याचं. ‘सुरमई थाळी आहे का’ असं विचारू नका, ‘आज काय आलंय’ असं विचारा. सुरमई-पापलेट मागणारे एवढे झालेत की ती बर्फातलीही पानात येते. त्याच दिवशी ताजे सौंदाळे किंवा मोडोसे घरी आलेले असतात आणि पाहुण्यांनी नावच ऐकलेलं नसतं. बांगड्याचं तिखलं तिरफळं घातलेलं खा आणि तिरफळ चावू नका, बाजूला काढा. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मिळाल्या तर सोडू नका. आईंसाठी काळजी नको. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या, घावणे आणि नारळाची चटणी, शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, आणि रस. हा रस आंब्याचा नव्हे, नारळाच्या दुधाचा आणि गुळाचा. ओल्या काजूगरांची उसळ मात्र डिसेंबरात मागू नका, ती फेब्रुवारीच्या पुढे. खोली ठरवतानाच विचारा की शाकाहारी भांडी वेगळी आहेत का. आमच्यासारख्या घरात असतात, सगळीकडे नसतात.

आईंना समुद्र दुरून पुरतो असं असेल तर एक दुपार कर्लीत होडी. खाडीत लाटा नसतात, दोन्ही काठांना माड आणि कांदळवन, सावकाश तासभर फिरता येतं. आणि येताना किंवा जाताना कुडाळच्या रस्त्याने धामापूर घ्या. पाणी, झाडी आणि काठावर भगवतीचं देऊळ. सोळाव्या शतकातला तलाव आहे आणि अजून गावाला पाणी देतो.

डिसेंबर म्हणजे जत्रांचे दिवस. आसपासच्या गावात जत्रा असेल तर रात्री दशावतार असतो. मध्यरात्र उलटल्यावर रंगतो, संवाद पाठ केलेले नसतात, नट उभ्या उभ्या रचतात. धाकट्याला दुपारी झोपवा आणि निदान काळ्या मुखवट्यातला संकासुर येईपर्यंत थांबा. स्वेटर न्या, माडाखाली पहाटे गार पडतं.

आता गोवा. पणजी मालवणपासून शंभर किलोमीटरच्या वर आहे. जाऊन-येऊन तुमचे पाच-सहा तास गाडीत जातील, आणि पाठीमागे बसलेल्या आईंचे गुडघे तुम्हाला काय म्हणतील ते मी सांगायला नको. गोव्याला वेगळे या. अगदी हलावंसं वाटलं तर वेंगुर्ल्याकडे जा. शिरोड्याचा किनारा आहे, 1930 चा मिठाचा सत्याग्रह तिथे झाला, रस्ताही सुंदर आहे.

काही गोष्टी मात्र वेळेवर बघूनच ठरतील. समुद्रात कमी दाबाचा पट्टा आला तर डिसेंबरातही होड्या एक-दोन दिवस बंद होतात. तांडेल ‘आज दर्या बरो नाय’ म्हणाला तर हुज्जत घालू नका, त्या दिवशी तो स्वतःची कमाई सोडून तुम्हाला नाही म्हणतोय. म्हणूनच स्कूबा दुसऱ्या दिवशी ठेवलंय, हुकलं तर पुढे दोन सकाळी हातात राहतात. ऐनवेळी नाताळच्या आठवड्यात तारखा ढकलू नका, तेव्हा देवबागच्या अरुंद रस्त्यावर दोन गाड्या समोरासमोर आल्या की अर्धा तास गेलाच म्हणून समजा. मे महिन्यात यायचा विचार झालाच तर लक्षात ठेवा, मेअखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत किल्ल्याची होडी आणि पाण्यातले खेळ बंद असतात.

येण्यासाठी रेल्वेने कुडाळ गाठा, तिथून मालवण तासाभरावर आहे. गाडीनेच यायचं असेल तर घाटाची अवस्था निघायच्या आदल्या दिवशी विचारा, गगनबावड्याकडचा करूळ घाट दुरुस्तीसाठी बंद राहिल्याचे प्रसंग आहेत. मग फोंडा घाट.

बॅगेत टाचेला पट्टा असलेल्या चपला ठेवा, नुसत्या स्लिपर होडीतून उतरताना पाण्यात जातात. आमच्या अंगणात अशा एकेकट्या स्लिपरांची टोपलीच आहे. आईंसाठी गुडघ्याचा पट्टा आणि एक घडीची छोटी खुर्ची आणा. संध्याकाळी तुम्ही मुलांच्या मागे धावाल, तेव्हा त्यांना ओल्या वाळूच्या कडेला निवांत बसता येईल. आणि त्यांना सोलकढी तिखट चालते का ते तेवढं विचारून कळवा, आमच्या सासूबाई मिरची जरा जास्तच वाटतात.